येन्सनसाहेबांनी चर शिंपला

यंत्र शेवटी तेरखेड्याला गेलं आणि पाणीही तिथंच लागलं. आता हे घडलंच नाही असं धरून पुढं वाचा. आमचं अख्खं गाव तसंच धरून चाललंय, तुम्हालाही जड जाणार नाही.

तर यंत्र अजून आमच्याच गावात आहे. एकसष्ट सालचा हिवाळा. डेन्मार्कचे येन्सनसाहेब जमिनीत खोल भोक पाडून पाणी काढायचं सरकारी यंत्र घेऊन आमच्या येरमाळ्याला उतरलेत, आणि मी मुनवर, मॅट्रिकला फक्त इंग्रजीत पास झालेला, त्यांचा दुभाषा. साहेब सोलापूरहून बसनं येणाऱ्या पावावर आणि उकडलेल्या अंड्यांवर जगायचे. माणूस कुठल्याही मुलखात रुळतो, असं ते अंडं सोलताना म्हणायचे.

आमच्या गावात एकाच रानात भोक पडणार होतं. कुणाच्या, ते साहेब ठरवणार. धोंडीबाची विहीर होळीच्या आतच आटायची, म्हणून त्यानं साहेबांना येळवशीला बोलावलं. ही वेळ अमावस्या म्हणजे रानाचा सण. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, घालायची, पूजा करायची आणि दिसेल त्याला ओढून जेवू घालायचं. आमच्या खाजामामूच्या रानातही ती होतेच. सण रानाचा, आणि रान मामूलाही आहे.

साहेबांपुढं भज्जी आली. सगळ्या शेंगा, डाळी नि पालेभाज्या एकाच गाडग्यात शिजवलेल्या. साहेबांनी मला विचारलं, यात काय काय आहे. मी म्हटलं, काय नाही ते विचारा, लवकर संपेल. मग बाजरीचे उंडे. साहेबांनी एक उंडा हातात तोलून पाहिला आणि यंत्राच्या कामाला येईल का, असं चेहऱ्यानं विचारलं. शेवटी आंबील, ताक-ज्वारीची, चांगली आंबवलेली. पहिल्या घोटाला साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. गावानं ते शुभ मानलं आणि तांब्या पुन्हा भरला.

तेवढ्यात धोंडीबा चर शिंपायला उठला. म्हणजे मालकानं आंबील पिकावर शिंपडत रानाला फेरी मारायची. साहेबांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. ते आपला तांब्या घेऊन उठले आणि शेवटच्या थेंबापर्यंत सगळी आंबील ज्वारीवर शिंपून आले.

धोंडीबाची आई, कडूबाई, साहेबांचं ताट उचलत म्हणाली, "चर घरचाच माणूस शिंपतो. आता ह्यो घरचा झाला. पाव्हणं जेवल्याबिगर घरच्याला ताट न्हाय."

मी इंग्रजीत उल्था केला. आयुष्यात दुसऱ्यांदा साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी आंबील लागली नव्हती.

साहेब हुशार माणूस. पुढच्या रानात त्यांनी बसायच्या आधीच तांब्या मागितला आणि चर शिंपला. त्याच्या पुढच्यातही. मामूच्याही. संध्याकाळपर्यंत ते गावातल्या प्रत्येक घरचे झाले होते आणि पोट हलकं होतं. प्रत्येक घराला वाटलं, भोक आता आपल्याच रानात.

दुसऱ्या दिवशी चावडीत सरपंच आण्णासाहेब म्हणाले, "नातलगाच्या रानात सरकारी काम करता येत न्हाय. कायदा हाय."

मी धोंडीबाला बाजूला घेऊन म्हटलं, साहेब आमचे कुणी नव्हेत एवढं म्हणा, भोक तुमचं. तो चपला घालून उठला.

"आईला इचारून येतो," म्हणाला.

आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. "ती म्हनती, पानी जाऊ दे, पर पोराला न्हाय म्हनू नगं."

कुणाच्याच घरात न्हाय म्हणायची हिंमत झाली नाही. गावाबाहेर बिननात्याचं पहिलं गाव तेरखेडा निघालं. तिथं फटाके करणाऱ्यांनी यंत्राचा आवाज ऐकला आणि बार बारीक आहे म्हणाले.

धोंडीबानं माझ्याकडून अर्ज लिहून घेतला, तो असा:

मे. कलेक्टर साहेब यांचे सेवेशी. श्री. येन्सन हे आमच्या गावातील सर्व घरांच्या एकत्र कुटुंबात असून अद्याप विभक्त झालेले नाहीत. सबब त्यांचे ताब्यातील यंत्र ही आमची सामायिक मिळकत ठरते. तरी सदर यंत्र, तेरखेडा येथे पाडलेल्या भोकासह व त्यातील पाण्यासह, आमचे घरी परत पोहोच करण्यात यावे, ही विनंती.