दोनशे बारा शब्द

सकाळी साडेनऊपर्यंत नऊ फोन आले, आणि नववाही फुकटच्या मशीनचाच निघाला.

"दीदी, वो फ्री वाली सिलाई मशीन का फॉर्म आपके यहाँ भरायेगा क्या?"

"नहीं बेटी. यहाँ मशीन सुधरती है, बँटती नहीं."

"तो फिर मोबाइल में काहे दिखा रहा है?" असं म्हणून तिनेच रागाने फोन ठेवला.

तिचं खरं होतं. मोबाइलमध्ये आम्हीच दिसत होतो.

रायपुरातल्या गुढियारीत आमचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. माझे मालक रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते टाकलं, ते गेल्यापासून मुलगा संघर्ष चालवतो. त्याचे हात दिवसभर तेलात असतात, म्हणून फोन मी उचलते. चाळीस वर्षं मी ब्लाऊज शिवले. कोणत्या मशीनचं काय दुखतं ते मला आवाजावरून कळतं.

पण दोन वर्षांपासून दुकानात आवाजच कमी झाला होता. जुनी गिऱ्हाइकं म्हातारी झाली, नवीन लोकांना आमचा पत्ता माहीत नव्हता. शेजारच्या दयारामचं मोबाइल कव्हरचं दुकान मात्र फुगत चाललं होतं आणि त्याला आमचा गाळा हवा होता. संघर्षला एका कपड्याच्या कारखान्यात मेकॅनिकची नोकरी मिळत होती. मे महिन्यात त्याने जेवताना सांगून टाकलं, "शाळा उघडेपर्यंत पाहतो. युनिफॉर्मच्या सीझनमधीबी काम नाई आलं, तर चाबी दयारामले देऊन टाकतो."

"पप्पा, एक महिना द्या ना. मैं गूगल पे ऍड चलाती हूँ," साक्षी म्हणाली. साक्षी त्याची मुलगी, माझी नात. कंप्युटर क्लासमध्ये शिकवते.

"मेकॅनिकले मोबाइलवर कोन शोधून राहिलं?"

"सगळेच शोधतात. आप भी तो कल पंखे का कंडेन्सर ढूँढ रहे थे."

संघर्षने भाताकडे लक्ष दिलं. म्हणजे परवानगी मिळाली.

जाहिरातीचं गणित साक्षीने मला समजावलं. आपण काही शब्द निवडून द्यायचे. कोणी मोबाइलमध्ये ते शब्द शोधले, की आपल्या दुकानाचं नाव वर दिसतं. नुसतं दिसण्याचे पैसे लागत नाहीत. त्याने नावावर बोट लावलं की आपले पैसे कटतात, मग तो काम देवो की न देवो. रोजची एक रक्कम ठरवलेली असते. ती संपली, की त्या दिवसापुरतं आपलं नाव गायब.

"मग किती शब्द टाकले?" मी विचारलं.

"दोनशे बारा!" तिने मान ताठ करून सांगितलं. "सिलाई, मशीन, सिलाई मशीन, टेलर, सुई, धागा, फॅशन... काहीच सोडलं नाही. जितके जास्त शब्द, तितके जास्त लोक, आजी."

लोक आलेच. सरकारी मशीनचा फॉर्म भरणारे आले, शिलाईचा क्लास विचारणारे आले, एका भल्या माणसाने लग्नाचा सूट किती दिवसांत मिळेल असं विचारलं. साडेनऊला दिवसाचे पैसे संपायचे. आणि पंडरीच्या कापड बाजारातले शिवणारे आपल्या मशिनी सुरू करतात अकरा वाजता. ज्यांना आमची गरज होती ते शोधायला बसायचे, तेव्हा आमचं नाव मोबाइलमधून गेलेलं असायचं.

आठवडाभर हे ऐकून मी साक्षीला म्हटलं, "एकच शब्द ठेव."

"एकच? आजी, इतना कम कोई नहीं रखता."

"चाळीस वर्षं माह्या दारावर एकच शब्द होता, ब्लाऊज. समोरची कलावती फॉल, पिको, परकर, पडदे सगळं लिहून बसली होती. बाया ब्लाऊज घेऊन माह्याकडेच आल्या."

तिला पटलं नाही, पण माझा शब्द ती मोडत नाही. तिने सगळं काढून 'सिलाई मशीन मेकॅनिक रायपुर' एवढंच ठेवलं. जाहिरातीत एवढ्या ओळीलाही एकच शब्द म्हणतात.

तीन दिवस फोन जवळजवळ मेला. दोनदा वाजला. एकदा कर्ज देणारी कंपनी होती, एकदा साक्षीच, फोन चालू आहे का ते पाहायला. तिसऱ्या दिवशी दयाराम टेप घेऊन आला आणि आमच्या दाराची रुंदी मोजू लागला.

"काकी, शटर बदलना पड़ेगा. काँच लगवाऊँगा."

"लगवाना. अभी खिसक, अंधार पडून राहिला."

संघर्ष एक पेचकस बराच वेळ पुसत राहिला. तो पेचकस त्याच्या बापाचा.

त्या संध्याकाळी मी साक्षीला सरळ सांगितलं, "माहं चुकलं. माह्या दारावरचा शब्द वाचायले बाया गल्लीतूनच येत होत्या. त्या मले आधीच ओळखत होत्या. इथं आपल्याले कोनी ओळखत नाई."

"ठीक है आजी. दोनशे बारा चुकले, एक चुकला. मग किती?"

मी गल्ल्याखालची वही काढली.

दुकानात बसायला लागल्यापासून मी प्रत्येक फोन लिहून ठेवते. विहारातल्या वर्गात मी त्रेपन्नाव्या वर्षी अक्षरं शिकले, त्यामुळे माझा हात हळू चालतो. समोरचा बोलत जातो आणि माझ्याकडून त्याचं पहिलं वाक्यच लिहून होतं. पण ते तो बोलला तसंच लिहिलेलं असतं. सुधारून लिहायला मला वेळच नसतो.

आम्ही दोघी खाली फरशीवर बसलो. साक्षी एक एक पान वाचू लागली.

"धागा बार-बार टूट रहा है. मशीन टाँका छोड़ रही है. नीचे धागे का गुच्छा बन रहा है. बहुत भारी चल रही है. सुई टूट जाथे. पिको वाली मशीन बंद पड़ गई..." ती थांबली. "आजी, यामध्ये रिपेअर शब्दच नाही."

"कोन म्हनते रिपेअर? दुखत असलं की माणूस दुखते तेच सांगते."

"पर ये सब लोग टाइप थोड़ी करेंगे?"

"तू टाइप करते. त्या बाया मोबाइल तोंडाजवळ धरतात अन् बोलतात. सामनेची माया पाहिली नाई काय, भाजी कशी करायची तेबी त्यालेच विचारते."

साक्षी हसली आणि मग तिने वही स्वतःकडे ओढली. तिने पेन घेतला. जी तक्रार तीन किंवा जास्त लोकांनी केली होती तिच्यापुढे ती खूण करत गेली. दोन वर्षांची वही होती, पण तक्रारी त्याच त्याच होत्या. शेवटी खुणा मोजल्या. अकरा.

"हा बारावा पण घेऊ? चूहे ने बेल्ट काट दिया," ती म्हणाली.

"तो उंदीर दोन वर्षांत एकदाच आला. त्याच्यासाठी रोज पैसे काहून ठेवायचे?"

तिने अकरा वाक्यं घातली. मग दुसरी एक यादी उघडली. ज्या शब्दांवर आपलं नाव दिसायलाच नको, ते शब्द तिथे लिहायचे असतात. तिने फ्री, फॉर्म, योजना, क्लास आणि सूट लिहिलं.

"ही यादी पहिल्या दिवशी काहून नाई केली?"

"लगा लोग कम हो जाएँगे."

"झाले तर झाले, पोट्टी. आपल्याले मशीनवाले पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी पाच फोन आले. एक चुकीचा होता, चार मशीनचे. संध्याकाळी सहापर्यंत आमचं नाव दिसत होतं. त्यातल्या तीन मशिनी दुकानात आल्या. संघर्षने "ठीक आहे" इतकंच म्हटलं, पण दुपारचा डबा त्याने उशिरा उघडला.

चौथ्या दिवशी पंडरीहून इंदू दीदींचा फोन आला. शाळेचे शर्ट शिवण्याचा त्यांचा छोटा कारखाना आहे, नऊ मशिनींचा.

"सब मशीन टाँका छोड़ रही है. नौ की नौ. परसों माल देना है."

"नौ एक साथ बिगड़ती नहीं दीदी. धागा नया आया है क्या?"

"हव, कल ही आया."

"मोटा है?"

त्यांनी फोन बाजूला ठेवला. धागा बघत असाव्यात. "हव, मोटा तो है."

"सुई वही पुरानी बारीक वाली लगी होगी. रुको, लड़का आ रहा है."

'लड़का' सत्तेचाळीस वर्षांचा आहे. त्याने पिशवी घेतली, चप्पल शोधली आणि स्कूटरला किक मारली.

तो परतला तेव्हा त्याच्या मागे एका ऑटोत दोन मशिनी होत्या. सुई बदलताच सात जागेवरच सुरू झाल्या, या दोन मशिनींचं आतलं काम होतं. इंदू दीदींनी दर मंगळवारी येऊन सगळ्या मशिनी तपासायला सांगितलं होतं, आणि बाजूच्या दोन कारखान्यांनी त्याचा नंबर घेतला होता.

हात धुताना त्याने विचारलं, "माय, दयारामसाठी काढलेली चाबी कुठी आहे?"

"खिळ्याले."

"राहू दे तिथंच."

साक्षीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही, नाहीतर दोघी हसलो असतो आणि त्याला ते आवडलं नसतं.

शाळा उघडल्या त्या सकाळी दयाराम आला. संघर्ष पंडरीत होता. "काकी, भैया चाबी देने बोले थे."

"बोले थे. अब नहीं देंगे."

त्याने आत पाहिलं. ओळीने सहा मशिनी उभ्या होत्या. हातातला टेप त्याने खिशात ठेवला आणि तो स्टूल ओढून बसला. "फिर मेरा भी ऍड चलवा दो न साक्षी से. कितने शब्द लगेंगे?"

"तेरा ग्राहक आते ही पहले क्या बोलता है?"

"मतलब?"

"लिखके रखता है?"

"नहीं."

मी त्याला माझ्याजवळची एक कोरी वही दिली. "पहले ये भर. फिर गिनेंगे."

तेवढ्यात फोन वाजला. मी वही उघडली. पलीकडून बाई म्हणाली, "दीदी, मशीन बहुत भारी चल रही है," आणि मी लिहू लागले.