नवनाथचा पासवर्ड

"खुर्शीदाताई, माझं नाव यादीतून तुम्ही काढलं का?"

सटाण्याहून नवनाथ बोलत होता. "डावं कोपर आत रक्त साचून टम्म सुजलंय. इंजेक्शनं येऊन वाटूनबी झाली म्हणे. मला मेलच नाय आला."

खुर्शीदाने घाईघाईने यादी उघडली. ज्यांचं रक्त गोठत नाही अशा लोकांसाठी चालवलेली इंदिरानगरातली ती छोटीशी संस्था, आणि ती तिथली एकुलती एक कारकून. इंजेक्शनांचा साठा आला की सगळ्यांना मेल पाठवायचा, हे तिचं मुख्य काम. आधी व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप करून पाहिला होता, पण सुप्रभातच्या गुलाबांखाली इंजेक्शनं गडप व्हायची. घराचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघणारी ही बाई, मेलही तसाच पुन्हा पुन्हा वाचून पाठवायची. आणि तरीही यादीत नवनाथचं नाव खरंच नव्हतं.

"मेल आला की तू पुढे कुणाला पाठवतोस का रे?"

"पाठवतो ना. कळवणची, मालेगावची आपल्यासारखीच पोरं हायत. त्यांनाबी कळू दे."

मग उलगडा झाला. प्रत्येक मेलच्या तळाशी 'मेल नको असल्यास इथे दाबा' अशी ओळ असायची. पुढे पाठवलेल्या मेलमध्ये ती ओळ नवनाथच्याच नावाची. कुणीतरी नको म्हणून दाबलं आणि यादीतून नवनाथ गेला. चांगुलपणा केला आणि कोपर सुजवून बसला बिचारा.

संस्थेचे सचिव यादवसर दुपारी आले आणि त्यांनी निकालच लावला. "प्रत्येकाला पासवर्ड ठेवायला लावा. मेल येण्यासाठी नको, पण नाव काढायला पासवर्ड लागेल. विषय संपला."

"सर, आपले लोक पासवर्ड विसरतात. मग कुणाला बाहेर पडायचं असलं तर?"

"बाहेर कशाला पडतील? आजार जन्माचा आहे ना, ताई?"

खरं तर तिला मनापासून बरंच वाटलं. तिने एकेकाला फोन लावून, समजावून, प्रसंगी दटावून पासवर्ड ठेवायला लावले. नवनाथने तर फोनवर बोलता बोलताच ठेवला. रात्री तिला जरा शांत झोप लागायला लागली.

दिवाळीनंतर एका सकाळी सटाण्याहून नवनाथच्या आईचा, भिमाबाईंचा फोन आला.

"ताई, शेजारची तेजल म्हणली खाली दाब, तर ते पासवर्ड मागतंय वो. मला काय ठाव?"

"अहो, दाबू नका तिथे!" खुर्शीदा जवळजवळ ओरडलीच. "नवनाथला द्या बरं फोन."

"तेचंच नाव काढायचंय, ताई. नवनाथ गेला. गाडीवरून पडला. डोक्यात रक्त झालं."

"मेल मिळाला होता ना त्याला?" खुर्शीदाच्या तोंडून पहिल्यांदा हेच निघालं, आणि विचारल्याबरोबर तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"मिळाला व्हता. इंजेक्शन आणून फ्रीजमधी ठेवलं व्हतं तेनं. पण पडला पार रानात, कुणाला दिसलाच नाय लवकर. तुमचं काय नाय चुकलं, ताई."

पोरगा गेलेली बाई आपल्यालाच समजावतेय, हे लक्षात आलं तेव्हा खुर्शीदाला रडू आवरेना.

"तेचा फोन चालू ठेवलाय मी," भिमाबाई म्हणाल्या. "बंद करवत नाय. पण मेल येतो, इंजेक्शन आलंय, घेऊन जा. फोन वाजला की मी उठूनच बसते वो."

"मी काढते नाव. मला इथून पासवर्ड लागत नाही."

तिने यादी उघडली. नवनाथच्या नावासमोर पासवर्डच्या चौकटीत काळी टिंबं होती.

"ताई, थांबा जरा. तेनं काय ठेवला व्हता तो पासवर्ड? मला सांगाल का?"

खुर्शीदा त्या टिंबांकडे बघत राहिली. काहीही सांगितलं असतं तरी आईने खरं मानलं असतं.

"मलाही दिसत नाही, भिमाबाई. नुसती टिंबं दिसतात. ज्याचं त्यालाच माहीत असतं."

"बरं," भिमाबाई म्हणाल्या. "मंग तेचं तेलाच ठाव असू द्या. काढा नाव."

खुर्शीदाने नाव काढलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला नाही, म्हणून तीही तो कानाशी धरून बसून राहिली.