एका अंशाचा पीळ

वरचा थर: कार्बनचा, एका अणूच्या जाडीचा.

खालचा थर: तसाच.

मधला कोन: एका अंशाहून जरासा जास्त. प्रयोगशाळेत त्याला सगळे पीळ म्हणत. वर्षभराच्या खटपटीनंतर तिला तो एकाच नमुन्यात साधला होता.

(एरवी इलेक्ट्रॉन सुसाट पळतात. पळणाऱ्याला शेजारी कोण, कळत नाही. एवढाच पीळ बसला की त्यांच्या ऊर्जेचे चढउतार सपाट होतात. ते रेंगाळतात. रेंगाळले की एकमेकांना भिडतात. मग कधी सगळेच अडून बसतात. कधी जोडीने निघतात आणि वाटेत रोध म्हणून उरत नाही. का, ते अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही.)

मधला बुडबुडा: हवेचा. नेमका रोध मोजायच्या तारेच्या टोकाखाली.

"तापवू नकोस," सहकारी म्हणाला. वय पस्तीस, पण सगळे त्याला आजोबा म्हणत. "थरांना सरळ व्हायचंच असतं. पीळ जाईल."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आजोबा."

"ते तुझं झालं. मी नमुन्याबद्दल बोलतोय."

ती हसली नाही. ती म्हण आईची, आणि हिच्यासाठीच राखून ठेवलेली. बाबा गेल्यावर आठवड्याच्या आत आईने त्यांचं कपाट रिकामं केलं होतं. हिला न विचारता. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

बुडबुडा तिला बघवेना. तो घालवायला तिने भट्टी लावली.

मग नमुना थंड करायला ठेवला. जितकं थंड करता येतं तितकं. पडद्यावर रोधाची रेषा

उतरली

आणखी उतरली

आणि थांबली. शून्याच्या पुष्कळ वर.

"गेला," आजोबा हळूच म्हणाला. टोमणा मारायची संधी होती, त्याने घेतली नाही.

बुडबुडाही गेला होता. भट्टीनंतर काढलेल्या चित्रात जागा लख्ख होती. त्या लख्ख जागेत इलेक्ट्रॉन पुन्हा सुसाट, एकमेकांची ओळखदेख नसल्यासारखे.

ती ते चित्र बघत राहिली. मग जिन्यात जाऊन तिने फोन लावला.

"आई."

"काय गं? आवाज असा का?"

"पीळ गेला."

"कुणाचा?"

"कामातला. एकच होता. मी साफ करायला गेले आणि..."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मीही साफच करायला गेले होते," आई म्हणाली.

 फोन कुणीच ठेवला नाही.