कोप्रिवेचा मार

सासूला चार तडाखे द्यावेत असं कुठल्या सुनेच्या मनात कधी येत नाही? पण स्नेझाच्या वाट्याला ते काम रोज सकाळी आलं, आणि तेही सासूच्याच हुकमावरून. वेलिका म्हातारी दारातल्या ओट्यावर हात पुढे करून बसायची आणि स्नेझा कोप्रिवेच्या, म्हणजे एका चावऱ्या रानपाल्याच्या, जुडीने त्या हातांवर मारायची. शेजारच्या केराने हे पहिल्यांदा कुंपणावरून पाहिलं तेव्हा ती कोंबड्यांना टाकायचं धान्य हातात तसंच धरून उभी राहिली होती.

कोप्रिवा काही कुणी लाडाने लावत नाही. उकिरड्यावर, पडक्या भिंतीशी, कुंपणाच्या कडेला आपली आपण उगवते. पान लागलं की खाजकुइलीसारखी आग होते आणि टराटरा गांधी उठतात. तरी वसंतात तिच्यावाचून गावाचं पान हलत नाही. कोवळ्या शेंड्यांचं सूप करायचं, काढ्याने केस धुवायचे, बाळंतिणीला रक्त भरायला तोच काढा पाजायचा. आणि सांधे आखडले की तिचाच मार खायचा.

वेलिकाचे सांधे आखडले ते दूध काढून काढून. गावच्या मेंढ्या सामुदायिक शेतीत गेल्या त्या साली ती नवी नवरी होती. त्याच वसंतात, संत गेओर्गीच्या सणाला, तिच्या सासूने पहिल्या व्यालेल्या मेंढीची धार काढली आणि वेलिकाने पानाफुलांचं कडं चरवीवर धरलं. कड्यातून पहिल्या तीन धारा काढायचा मान घरच्या मालकिणीचा. पुढेमागे तो आपल्याकडे येईल, या हिशेबाने ती निर्धास्त होती. पण पानगळ सुरू झाली आणि मेंढ्या गेल्या. मग चौतीस वर्षं ती सामुदायिक गोठ्यात गारठलेल्या पहाटे कासा पिळत राहिली. तिथे कडंही नव्हतं आणि मानही नव्हता. बोटं तळव्याकडे वळली ती वळलीच.

गेल्या हिवाळ्यात सामुदायिक शेती मोडली आणि सात मेंढ्या घरी आल्या. म्हणजे एकेचाळीस वर्षांनी या घरात पुन्हा गेओर्गीची पहिली धार निघणार होती. मालकीण वेलिकाच होती, आणि तिला साधा चमचा नीट धरता येत नव्हता. सणाला अठरा दिवस उरले होते. तिला जमलं नाही तर मान सुनेकडे जाणार, अशी रीत. सून शहरात वाढलेली. बुटांच्या कारखान्यात पंधरा वर्षं शिवणकाम केलं, कारखाना बंद पडला आणि आसेनच्या, म्हणजे नवऱ्याच्या गावी येऊन राहिली. मान सोडाच, मेंढीजवळ जायचीसुद्धा तिला धास्ती वाटायची.

गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, त्या आगीने सांध्याकडे रक्त धावतं, म्हातारीला सोसत असेल तर खुशाल मारा. वेलिकाला डॉक्टरांच्या परवानगीची गरज नव्हती. तिच्याकडे तिचे नियम होते. जुडी दवातच तोडायची. तोडायला जाताना वाटेत कुणाशी बोलायचं नाही. पहिल्या दिवशी स्नेझा रबरी हातमोजे घालून जुडी घेऊन आली, तेव्हा म्हातारीने हात मागे घेतले.

"हातमोज्यांनी तोडलीस?"

"मग काय उघड्या हातांनी तोडू, आई?"

"हो. तोडणाऱ्याला चावली नाही तर दुखणाऱ्याला गुण येत नाही. जा, दुसरी आण."

स्नेझाने दुसरी आणली. येताना वाटेवर रानचुक्याची पानं तोडून तळव्यांना चोळली, पण आग काही जाईना. मग ती मारायला बसली ती हळूच, माशी हाकलावी तशी. वेलिका म्हणाली, अगं, अंगावरची धूळ झटकतेयस का? आसेनला सगळ्याची गंमत वाटत होती. माझ्या बापाला जे आयुष्यात जमलं नाही ते तू आल्या आल्या करतेस, असं तो बायकोला म्हणाला आणि दोघींच्याही शिव्या खाऊन शेताकडे गेला.

दिवस जायला लागले. हात लाल व्हायचे, सुजायचे, संध्याकाळी गरम राहायचे. पाचव्या दिवशी उजव्या हाताचं मधलं बोट थोडं सरळ झालं. वेलिकाने ते सगळ्यांना दाखवलं, केराला दोनदा. सण झाल्यावर सात मेंढ्यांचं दूध रोज कुणीतरी काढायला हवंच, म्हणून स्नेझा तेवढ्यात केराच्या शेळीवर धार काढायला शिकत होती. घरी तिने हे सांगितलं नाही. शेळीने दोनदा लाथ मारली होती, आणि ते सासूच्या तोंडून पुन्हा ऐकायची तिची इच्छा नव्हती.

सातव्या दिवशी सुपाचा प्रकार घडला. स्नेझाने कोप्रिवेच्या शेंड्यांचं सूप केलं, वर खारं चीज कुस्करलं, मन लावून केलं. वेलिकाने एक घोट घेतला, वाडगा उचलला आणि एक अक्षर न बोलता अंगणात जाऊन कोंबड्यांपुढे ओतला. केरा कुंपणापाशीच होती. तिने पाहिलं, हे स्नेझानेही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेझाने जुडी घेतली आणि मारलं. मनगटापासून बोटांपर्यंत, पुन्हा मनगटापासून. कारखान्यातून काढल्याचा राग, गावी यावं लागल्याचा राग, सुपाचा राग, सगळा त्या जुडीत उतरला. किती वेळ मारत होती ते तिचं तिलाच कळलं नाही. थांबली तेव्हा पानांचा चोथा झाला होता आणि म्हातारी डोळे मिटून बसली होती. तिने हूं की चूं केलं नव्हतं.

त्या गांधी पाहून स्नेझाला स्वतःची शरम वाटली. त्या रात्री तिला झोप आली नाही. आपण औषधाच्या नावाखाली एका म्हाताऱ्या बाईला झोडपलं, हे तिच्या मनातून जाईना. नवव्या दिवशी ती ओढ्याच्या काठाने पुढे गेली आणि गावात जिला मेलेली कोप्रिवा म्हणतात ती घेऊन आली. पानं अगदी तशीच, कडेचे दाते तसेच, फक्त चावत नाही आणि तिला पांढरी फुलं येतात. फुलं तिने एक एक करून खुडून टाकली. त्या जुडीने मग तिने जोरजोरात मारलं, आवाजही छान आला. वेलिका काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. हाताची कातडी आता निबर झाली असेल, अशी स्नेझाने मनाची समजूत घातली. मधलं बोट मात्र पुन्हा वळायला लागलं होतं.

या नव्या जुडीच्या पाचव्या दिवशी पावाच्या रांगेत केरा तिच्यामागे येऊन उभी राहिली. आधी हवापाण्याचं बोलली, मग हळू आवाजात म्हणाली की तुझी सासू म्हणते, सुनेला चरवीची घाई झालीय. माझे हात बरे होऊ नयेत म्हणून मेलेली कोप्रिवा आणते, आणि तिकडे शेळीवर हात बसवते. शेळीचं केरानेच सांगितलं असणार, हे उघड होतं. स्नेझा पाव न घेताच रांगेतून निघाली.

वेलिका ओट्यावरच बसली होती. स्नेझा समोर आली तशी तिने ॲप्रनच्या खिशातून एक सुकलेलं पांढरं फूल काढलं आणि मांडीवर ठेवलं.

"तुझ्या पहिल्याच जुडीत होतं. खुडायचं राहिलं. पाच दिवस वाट बघतेय, तू कधी बोलतेस."

"पहिल्याच दिवशी कळलं तुम्हाला?"

"बोटं उघडत नाहीत माझी. कातडीला कळतं अजून." मग नजर दुसरीकडे वळवून म्हणाली, "मान हवा होता तर मागायचास. मी दिला नसता, पण मागायचास तरी."

स्नेझा तिथेच पायरीवर बसली. "मला नकोय तुमचा मान. मेंढीला भिते मी, आई. शेळीवर शिकले ते पुढे रोजचं दूध कोण काढणार म्हणून. तुमचे हात बघवत नव्हते मला. आणि तुम्ही सूप ओतलंत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी औषध म्हणून नाही मारलं. रागाने मारलं. मुद्दाम. मग लाज वाटली म्हणून ही न चावणारी आणली."



"सूप खारट होतं," म्हातारी म्हणाली. "चीज धुवून घ्यायचं असतं. आणि रागाने मारलंस ते मला कळलं होतं. त्याच संध्याकाळी माझा अंगठा उघडला."

स्नेझाने ते सुकलेलं फूल उचलून अंगणात टाकलं.

"माझ्यावर राग धर, चालेल मला. कीव करू नकोस. त्या किवेने माझे पाच दिवस खाल्ले." म्हातारीने दोन्ही हात पुढे केले. "जा, जिवंत असलेली घेऊन ये."

उरलेले पाच दिवस स्नेझाने हात राखला नाही. तोडताना तिच्या स्वतःच्या तळव्यांवर, मनगटांवर गांधी उठल्या. रात्री दोघी चुलीशी एकाच परातीतल्या गार पाण्यात हात बुडवून बसायच्या आणि आसेनच्या पोटाला किती लागतं यावर बोलायच्या. आदल्या दिवशी वेलिकाने चमचा धरला. सगळं जेवण तिने त्याच चमच्याने केलं, पावसुद्धा.

सणाची पहाट उजाडली ती धुकं आणि बोचरा वारा घेऊन. आळीतल्या सगळ्या घरांच्या मेंढ्या टेकडीवरच्या मेंढवाड्यात आणल्या होत्या आणि पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिल्यावर एकेक घर आपापली धार काढणार होतं. पाद्रीबाबा उशिरा आले. वेलिकाच्या घराची पाळी शेवटी आली. घरून निघताना मार खाल्लेले, गरम हात दोन तास त्या वाऱ्यात होते. पाळी आली, आसेनने मेंढी धरली, स्नेझाने कडं चरवीवर धरलं, म्हातारी दगडावर बसली आणि सडाला हात लावला. बोटं हलेनात. तिने पुन्हा प्रयत्न केला. आळीतल्या बायका उगाच इकडेतिकडे बघायला लागल्या.

वेलिका सुनेकडे वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एकेचाळीस वर्षांत ते कुणी पाहिलं नव्हतं.

"मार," ती म्हणाली.

पण मारायचं कशाने? मेंढवाड्याभोवती मेंढ्यांनी सगळं तुडवून चिखल केला होता, हिरवं पातं उरलं नव्हतं. कोप्रिवा होती ती फक्त चरवीच्या गळ्याला बांधलेली. या पहाटे दूध पळवणाऱ्या बाया फिरतात, दुसऱ्याच्या कुरणातलं दव फडक्याने टिपून वर्षभराचं दूध आपल्या घरी नेतात, आणि त्यांना अडवते ती चरवीची कोप्रिवा. ती कुणी सोडत नाही. केराने तसं बोलूनही दाखवलं.

"सोड," वेलिका म्हणाली.

स्नेझाने दोरा दातांनी तोडला. हातात जेमतेम मूठभर देठं आली. सगळी आळी बघत होती. पाद्रीबाबाही बघत होते. तिने मारलं, घरी मारायची तसं, मनगटापासून बोटांपर्यंत, दोन्ही हातांवर, पानं गळून नुसती देठं उरेपर्यंत. मारताना ती रडत होती आणि ते लपवायला तिला सवड नव्हती. एक बाई म्हणाली, अगं थांबवा हिला. आसेनने मेंढीची मान सोडली नाही आणि त्या बाईला गप्प बसायला सांगितलं.

वेलिकाने बोटं हलवून पाहिली. मग ती मेंढीकडे वळली. पहिली धार बारीक आली, दुसरी तिरकी कड्याच्या पानांवर आपटून आत गेली, तिसरी सरळ चरवीच्या तळाशी वाजली. तिने चौथी काढली नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चरवी सुनेपुढे सरकवली.

"आता तू."

"आज तुमचा दिवस आहे, आई."

"माझा झाला. एकेचाळीस वर्षं थांबण्यात काही मोठेपणा नसतो, मी थांबून बघितलंय. बस खाली."

स्नेझा दगडावर बसली. केराला राहवेना. चरवीला आता कोप्रिवा नाही, वर्षभर या घरचं दूध कोण राखणार, असं ती काळजीने विचारत होती. वेलिकाने सुनेचं मनगट धरून हात वर केला आणि गांधींनी भरलेला तळवा केराच्या तोंडापुढे नेला.

"ही आहे ना. कोण येतंय बघू."

स्नेझाने ॲप्रनला हात पुसले आणि मेंढीच्या कासेला लावले. तळवे पेटले होते. तिची पहिली धार स्वतःच्याच बुटावर गेली, दुसरी चरवीत पडली.