कोमट खिसा

थांबा, आत जाण्याआधी मला अंगात घाला! मी शीतखोलीच्या दाराशी टांगलेला कोट बोलतोय. आमच्या विनिपेगला बाहेर बर्फ, आणि या प्रयोगशाळेत आतही मुद्दाम थंडी करून ठेवतात. इथली प्रथिनं भारी नाजूक, जरा ऊब लागली की बिघडतात.

मी मूळचा डॉ. हलीना कोवालचुक यांच्या नवऱ्याचा. तो अंगाने सुटला, मी त्याला होईना आणि मी बाईंच्या प्रयोगशाळेत आलो. आता मी सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही. बाही फाटली की चिकटपट्टी लावतात, धुवायचं नाव कुणी काढत नाही. माझ्यावर पेरोगीसोबतच्या, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांसोबतच्या, लोण्याचे डाग आहेत.

त्यातल्या त्यात इथली संशोधक लीना फ्रीसन मला जपते. तिचा जेकमामा बस चालवायचा. पाणी राखून ठेव, हा शरीराचा निरोप ऐकणारं एक प्रथिन मूत्रपिंडाच्या पेशींच्या भिंतीवर असतं. मामाचं ते प्रथिन भिंतीपर्यंत पोचतच नव्हतं. मग काय, सारखं पाणी प्यायचं आणि सारखं पळायचं. थांब्याथांब्यावर प्रवाशांना सोडून पळणाऱ्याच्या हाती बस कोण देणार? मामा घरी बसला आणि लीनाने त्या प्रथिनाचा ध्यासच घेतला.

मामाचं सदोष जनुक घातलेल्या पेशी ती समोरच्या इमारतीत वाढवायची. रस्ता ओलांडताना त्या गारठू नयेत म्हणून डबी माझ्या आतल्या खिशात, पोटाशी धरून आणायची. इथे सगळेच तसं आणतात.

एके दिवशी ती डबीसकट सवयीने थेट शीतखोलीत शिरली आणि दुसऱ्याच कामात बुडाली. संध्याकाळी हात खिशाला लागला.

"अरे देवा! मेल्या सगळ्या!"

"रडतेस काय? मेल्यात का ते बघ तरी आधी," बाई म्हणाल्या.

पेशी जिवंत होत्या. एवढंच नाही, एरवी पेशीच्या पोटात अडकून पडणारं ते प्रथिन, लीनाने त्याला जोडलेल्या चमकत्या खुणेमुळे, भिंतीवर हिरवं चमकत होतं! बाहेरून गारठा, आतून लीनाची ऊब, त्यामुळे माझा खिसा नेमका कोमट राहिला होता. तेवढ्या गारव्यात प्रथिनाला नीट घडी घालून घ्यायला सवड मिळाली. ते मोडकं नव्हतंच, त्याला फक्त कुणीतरी सावरायला हवं होतं. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तेच दिसलं. मला केवढा अभिमान वाटला!

मामा पाण्याची बाटली घेऊन बघायला आला.

"मग आता मला फ्रीजमध्ये बसवताय का?"

"तुम्ही नाही मावणार," बाई हसल्या. "प्रथिनाला असं सावरणारं औषध शोधतोय."

"आणि मग बस चालवता येईल?"

"येईलही. पण वर्षं लागतील, जेक. उगाच आशा लावणार नाही मी."

मामाने मान हलवली. मग बसचालकाचा बिल्ला काढून माझ्या आतल्या खिशात ठेवला.

"घरी असला की सारखा हातात घेऊन बसतो गं मी. इथे राहू दे. औषध सापडलं की न्यायला येईन," तो लीनाला म्हणाला आणि शौचालयाकडे पळाला.

आता माझं अस्तर लोंबतंय. शेजारच्या खुंटीवर नवा लाल कोट आलाय. खुशाल घाला त्याला. लीना मात्र आत जाताना अजून माझा खिसा चाचपून जाते. मला फेकू नका एवढंच. मामा बिल्ला न्यायला येईल, तेव्हा मी इथे असायला हवा.