काटेसावरीखाली

दीपमालाबाई नागपूरहून कर्वेनगरला आल्या त्या सुनेच्या बाळंतपणासाठी. पण दिवस भरायच्या आतच निकिताला दवाखान्यात न्यावं लागलं आणि मूल मृत जन्मलं. निकिता तेव्हा शुद्धीवर नव्हती. ती शुद्धीवर येईपर्यंत बाळाचं सगळं उरकलंही होतं. यातलं अक्षरसुद्धा तिच्यासमोर काढायचं नाही, असं अभयनं आईला बजावलं, आणि तेव्हापासून घरात कुणी कुणाशी नीट बोलेनासंच झालं.

निकिता पडदे ओढून पडून राही. अभय ऑफिसातून येई, स्वतःच वाढून घेई आणि लॅपटॉप उघडून बसे. सकाळी दीपमालाबाई बुद्धमूर्तीपुढे फुलं ठेवून वंदना म्हणत, तेवढाच काय तो घरात माणसाचा आवाज. फूल कोमेजतं तसंच हे शरीरही, अशा अर्थाची गाथा एकदा चालू होती. तेवढ्यात निकिता दारात येऊन उभी राहिली.

"ते कोमेजण्याचं माझ्यासमोर म्हणू नका, आई," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून दीपमालाबाईंनी फुलं आणणं बंद केलं. नुसती मेणबत्ती लावायची, वंदना मनातल्या मनात म्हणायची.

फेब्रुवारी सरत आला होता. भाजीला निघाल्या असताना नदीकडच्या रस्त्याला त्यांना काटेसावर फुललेली दिसली. झाडावर पान म्हणून नव्हतं, नुसती ओंजळीएवढी लाल फुलं आणि त्यांवर पाखरांची झुंबड. बाई हरखून बघत राहिल्या. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. घरात हे असं, आणि आपल्याला फुलं सुचतायत. पिशवी उचलून त्या भराभर चालू लागल्या.

पुढे एका दुपारी त्यांचा जरा डोळा लागला. उठून पाहतात तर निकिता खोलीत नाही. मोबाईल उशाशीच होता. खाली वॉचमन म्हणाला, मॅडम राजाराम पुलाकडे चालत गेल्या. पूल म्हणजे नदी. अभयला फोन करून त्या तशाच निघाल्या. गुडघे दुखत होते, मनात नको नको ते येत होतं, आणि ते मनातही पुरं होऊ नये म्हणून त्या मोठमोठ्यानं निकिताचं नाव घेत होत्या. लोक वळून बघत होते.

निकिता पुलापर्यंत गेलीच नव्हती. काटेसावरीखालच्या कट्ट्यावर ती मान वर करून बसली होती. खाली पडलेली फुलं ओढणीत गोळा केलेली.

बाईंना रागवायचं होतं, पण धाप लागली होती. त्या शेजारी टेकल्या. वर एका बुलबुलानं फुलात डोकं खुपसलं आणि चोच पिवळी करून बाहेर काढलं. निकिता हसली. बाईही हसल्या. मग निकिताचा चेहरा पिळवटला.

"आई, तुम्ही बघितलंत ना त्याला? कसा होता?"

अभयनं बजावलेलं बाईंना आठवलं. तरी त्यांनी सांगितलं. सावळा होता. डोकं भरून केस होते. हनुवटी तुझी. मी त्याला दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. निकितानं पुन्हा विचारलं, बाईंनी पुन्हा सांगितलं. दोघी रडल्या.

तेवढ्यात अभयची स्कूटर कच्चकन थांबली. घाबरून त्याचा चेहरा पांढरा पडला होता. बोलणं कशाचं चाललंय हे त्याला लगेच कळलं.

"आई, मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," दीपमालाबाई म्हणाल्या, "पण ती विचारतेय, अभय. मूल तिचं आहे."

तो म्हणाला, घरी चला, हे घरी बोलू. निकिता उठली नाही. इतक्या दिवसांनी तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तू घेतलं होतंस त्याला?"

अभयनं हातातली स्कूटरची किल्ली खिशात टाकली. मग कट्ट्यावर न बसता तिच्यासमोर, फुफाट्यातच, उकिडवा बसला.

"नाही घेतलं," तो म्हणाला. "आई म्हणत होती, घे. माझा धीर झाला नाही."

निकितानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. पण ती सरकली, आणि कट्ट्यावर त्याच्यापुरती जागा केली.