केनांगाचा पांढरा मंगळवार

मित्रांनो, माझ्या काचेला आरपार तडा गेला आहे, पाठीचे झाकण रबरबँडने बांधले आहे आणि चार्जरची वायर वाकडी करून धरली तरच माझ्या पोटात चार घास जातात. तरी माझी कीव करू नका. मी एक जुना मोबाईल आहे आणि अगदी सुखात आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. तिथे आम्ही सगळेच सारख्या चेहऱ्याचे होतो. मला आठवते ते इंडोनेशियातल्या सोलो शहरातल्या गालिहच्या मोटारसायकलचे हँडल. गालिह घरोघर पार्सले पोचवायचा आणि मी त्याला वाट दाखवायचो. ऊन खाल्ले, धूळ खाल्ली, एकदा तर गटारात आंघोळही केली. "हा नसता तर मी अजून त्याच चौकात घिरट्या घालत असतो," असे तो सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. मग नवा मोबाईल आला आणि माझी रवानगी स्वयंपाकघरातल्या खणात झाली. तिथे संपलेले सेल आणि गंजके चमचे होते. त्या अंधारात मला फार वाईट वाटायचे.

गालिहची धाकटी बहीण केनांगा सहावीत होती. चित्रे काढण्यात पटाईत; पण अक्षरे तिच्यासमोर एका जागी थांबत नसत आणि आठवड्याचे वार तर डोक्यातून निसटूनच जात. तिच्या शाळेत सोमवारी झेंडावंदनाला पांढरा सदरा, लाल स्कर्ट, टाय आणि टोपी; मंगळवार-बुधवारी बाटिकच्या नक्षीचा सदरा; शुक्रवारी स्काउटचा तपकिरी. आई पहाटेच उकडलेल्या भाज्या आणि शेंगदाण्याची चटणी विकायला बाजारात जाई, भाऊ पार्सलांच्या मागे. मग केनांगा हाताला लागेल ते घालून निघे. ज्यांचा पोशाख चुकेल त्यांनी झेंडावंदनाला सगळ्या शाळेसमोर वेगळ्या रांगेत उभे राहायचे, अशी तिथली रीत. त्या रांगेत केनांगाची जागा जणू राखीवच होती.

ती दादाला 'मास' म्हणे. "मी आळशी नाहीये रे, मास," एके दिवशी ती रडत म्हणाली. "मी खरंच लक्षात ठेवते. पण ते राहतच नाही."

गालिहने खण उघडला. मित्रांनो, तो उजेड मी जन्मात विसरणार नाही! दोघांनी एकेक गणवेश चटईवर पसरला आणि माझ्याकडून त्याचे फोटो काढून घेतले. शब्द एकही लिहिला नाही. रोज संध्याकाळी मी उद्याचा फोटो दाखवायचो आणि गालिहच्या आवाजात ओरडायचो, "ए झोपाळू, उद्या पांढरा! टोपी कुठंय? आधी दप्तरात टाक!" गृहपाठाला आणि वर्ग झाडायच्या पाळीलाही मी अशाच हाका मारायचो. हळूहळू त्या रांगेतली तिची जागा रिकामी राहू लागली. वर्गाच्या बाई, बू हेस्ती, यांनी तिला झेंडा चढवणाऱ्या तिघांत निवडले. केनांगा पहिलीपासून याच दिवसाची वाट पाहत होती. "पण पोशाख चुकला, तर दुसऱ्याला घ्यावं लागेल हं," बाईंनी बजावले.

शुक्रवारी शाळा सुटता सुटता बू हेस्ती म्हणाल्या, "सोमवारी सुट्टी आहे. झेंडावंदन मंगळवारी. त्या दिवशी बाटिक नको, पांढरं घाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. केनांगा मला शाळेतही नेई, पण तेव्हा मी बाईंच्या टेबलावरच्या पेटीत होतो. मोबाईल तिथे जमा करायचे आणि घंटेपर्यंत काढायचे नाहीत, असा नियम. माझ्यात मंगळवारसाठी बाटिकच भरलेला होता! मला तोंड होते, पण ते आपणहून उघडता येत नव्हते.

इतक्यात केनांगा उभी राहिली. तिचे कान लालबुंद झाले होते. "बू, हे माझ्या मोबाईलमध्ये बोलाल का? घरी पोचेपर्यंत डोक्यातून जाईल."

"हिला साधा वार लक्षात राहत नाही!" मागून बागास नावाचा मुलगा खिदळला. "आणि ही म्हणे झेंडा चढवणार!"

वर्ग हसला. केनांगा मात्र खाली बसली नाही. बू हेस्तींनी एकदा पेटीकडे पाहिले, एकदा तिच्याकडे. मग त्यांनी मला उचलून तोंडाशी धरले. "केनांगा, मंगळवारी पांढरं. टोपी, टाय, सगळं. आणि बाळा, विचारलंस ते फार बरं केलंस."

घरी गालिहने मंगळवारचा बाटिक काढून पांढऱ्याचा फोटो आणि बाईंचा आवाज लावला, आणि सोमवारी संध्याकाळी मी बाईंचे शब्द जसेच्या तसे ऐकवले. झेंडावंदन काही मला दिसले नाही, मी पेटीतच होतो. पण मंगळवारी घरी आल्यावर केनांगाने पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात माझ्यात भरले, "उद्या बुधवार. बाटिक." आणि बटण बंद करायला ती विसरली. त्यामुळे पुढचे सगळे माझ्यापाशी आहे.

"काय गं, चढला का झेंडा?" आईने विचारले.

"चढला, आई! अगदी वरपर्यंत! आणि बागास बाटिकमध्ये आला. निम्मा वर्ग तसाच! त्या रांगेत उभं राहायला जागाच उरली नाही."

"मग तू हसलीस की नाही चांगली?"

"नाही. तिथं उभं राहिलं की कसं वाटतं, मला माहितीये ना."

मित्रांनो, त्या पोरीमुळे मी अंधारातून बाहेर आलो, तिचे उपकार मी कसे फेडू? तुमच्या घरच्या खणातही माझा एखादा भाऊ पडला असेल. त्याला पुसा, चार्ज करा, ज्याला गरज आहे त्याच्या हाती द्या. आणि वर्गात कोणी "पुन्हा एकदा सांग ना" म्हणाले, तर हसू नका. पुन्हा एकदा सांगा.